सतरा नंबर

रात्रपाळीत मास्टर एकच काम करतो:
एकापासून बावीसपर्यंत प्रत्येकाला हाक मारतो.
तीन नंबर, टाकीत पाणी किती?
तीन नंबर सांगतो.
चार नंबर, दाब किती?
चार नंबर सांगतो.
न विचारता बोलायचं नाही, हा मॉडबसचा पहिला नियम,
सासरच्या पहिल्या महिन्यासारखा.
विचारलं तेवढंच सांगायचं,
शेवटी दोन बाइटांची बेरीज जोडायची,
म्हणजे वाटेत काही सांडलं असेल तर कळतं.

आदम गावाच्या कडेला आमची कंट्रोल रूम.
बाहेर मे महिना, रात्री अकरालाही अडतीस.
आत गुडघ्यांवर चादर घेऊन
मी बावीस चौकोनांकडे बघत बसतो.
समुद्राचं पाणी गोडं होऊन इथवर येतं,
पुढे वाळवंटात जातं, वस्त्यांना, उंटांच्या हौदांना.
माझ्यापर्यंत फक्त त्याचे आकडे येतात.

नव्या मॅन्युअलातून मास्टर-स्लेव्ह हे शब्द काढलेत,
आता म्हणे क्लायंट आणि सर्व्हर.
सालिम अल-महरूकी म्हणाला, पगार तोच ना?
दोघंही हसलो. मी जरा जास्तच.

त्या रात्री सतरा नंबर चार मीटर वीस.
साडेअकराला चार मीटर वीस.
एकला चार मीटर वीस.
दीडला चहा ओतताना खटकलं,
पाणी इतकं स्थिर नसतं.
कळशीतलंसुद्धा नसतं.

लॉग उघडला.
विचारलं, उत्तर नाही.
विचारलं, उत्तर नाही.
तिसऱ्यांदा विचारलं, नाही. सोड.
अठरा नंबर, टाकीत पाणी किती?

स्क्रीन बनवणाऱ्याचं
उत्तर नसताना आकडा राखाडी करायचं राहून गेलेलं.
म्हणून शेवटचं उत्तर हिरवंगार उभं होतं,
माणूस गेल्यावरही दारावर राहिलेल्या पाटीसारखं.

नव्वद किलोमीटर, शेवटचे चाळीस कच्चे.
सालिम गाडी चालवताना बोलत नाही,
आणि मी कागलच्या घरी दर शुक्रवारी करतो
तो फोन आठवत होतो.
जेवलात? जेवलो. तब्येत? बरी.
माझाही आकडा तिथे कधीचा अडकलाय कोण जाणे.
परवा बायकोनं अडतीस नंबरचा शर्ट घेऊन ठेवला.
मला आता बेचाळीस लागतो.

रेडिओपासून टाकीपर्यंत आठशे मीटर केबल,
तिच्या टोकाला एकशेवीस ओहमचा रेझिस्टर असतो,
तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा.
त्याचं काम काय, तर आलेला शब्द गिळणं.
तो नसला की शब्द टोकावर आपटून परत फिरतो
आणि मागून येणाऱ्याच्या अंगावर जातो.
स्क्रू ढिला होऊन तो खाली वाळूत पडला होता.
सतरा नंबर जिवंत होता.
त्याच्यापर्यंत प्रश्नच फाटका पोचत होता,
आणि फाटक्या प्रश्नाला गप्प राहायचं, हाही नियमच.

मी स्क्रू पिळला.
सालिमनं फोनवर आकडा वाचला: एक मीटर दहा.

तेव्हा पत्र्याच्या खोलीतून लुंगीवर एक माणूस आला.
मोतालेब, वॉचमन, बांगलादेशचा, इथे सहा वर्षं.
म्हणाला, "पानी कम है साब. शाम से.
मैं ऊपर चढके देखा."
मग सांगितलं का नाहीस?
त्यानं टाकीकडे पाहिलं, मग माझ्या बुटांकडे.
"किसको बोलेगा साब? कोई पूछा नहीं."

त्याच्याकडे फोन होता.
आमचा नंबर नव्हता.
बावीस स्टेशनांचे पत्ते मला पाठ,
आणि हा माणूस कुठल्याच रजिस्टरात नाही.

मॉनिटरच्या कडेला मी मार्करनं त्याचा नंबर लिहिला.
साफसफाईवाला रोज पुसतो, मी रोज लिहितो.
आता रात्री दोनच्या सुमाराला फोन वाजतो,
काही झालेलं नसतं.
"साब, पानी ठीक."
मी म्हणतो, ठीक.
तो ठेवत नाही. मीही नाही.
पलीकडे पंप चालू असतो,
आणि स्क्रीनवर अठरा नंबरला कुणीतरी काहीतरी विचारत असतं.